मेबलचं कबरं पिल्लू

गेलनला ऑपरेशनसाठी डी मॉइन शहरात न्यायचं होतं त्या सकाळी त्याने विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते सांगितलं नाही, मुलीला काय कळवायचं तेही सांगितलं नाही. गाडीत बसता बसता म्हणाला, "आर्डी, अंड्याकडे लक्ष असू दे. पेटीतला ओलावा कमी होऊ देऊ नकोस. आणि उगाच सारखं झाकण उघडून बघू नकोस." हृदयाची झडप बदलायची होती याच्या, आणि याचं हृदय तळघरात उबवणीच्या पेटीत ठेवलेलं.

माझा नवरा अजगर पाळतो. आमच्या ऑटमवा गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. चर्चमधल्या बायका माझ्याकडे कॉफीला येतात, पण तळघराच्या दाराकडे पाठ करून बसत नाहीत. मी स्वतः लग्न झाल्यापासून त्या दारापासून चार हात लांब. खालचं राज्य त्याचं, वरचं माझं. पण जो माणूस जेवताना, गाडी चालवताना आणि चर्चच्या बाकावरसुद्धा सापांबद्दलच बोलतो, त्याच्याबरोबर जन्म काढल्यावर सापांतलं काय कळायचं राहतं?

मेबल त्याची लाडकी. आफ्रिकेतल्या छोट्या जातीची अजगरीण, घाबरली की डोकं आत घालून चेंडू होऊन बसणारी. आमच्या घरातल्या कपडे धुण्याच्या यंत्राहून जुनी. दिसायला साधी तपकिरी, पण तिचा बाप कबरा होता. पांढरंशुभ्र अंग आणि त्यावर मधेच तपकिरी डाग, अशा कबऱ्या सापासाठी ही मंडळी वेडी होतात. तो रंग मेबलच्या रक्तात लपलेला आहे आणि तसाच रक्तात रंग लपलेल्या नराशी तिची जोडी लावली तरच एखादं पिल्लू कबरं निघेल, असं गेलन सांगायचा. तसा नर एकच होता, मेबलचाच मुलगा. तो गेलनच्या मित्राकडे, डेल्बर्टकडे वाढलेला.

"आई-लेकाची जोडी?" मी कानांवर हात ठेवले होते. "लाज नाही वाटत?"

"साप आहेत ते, आर्डी. चर्चला नाही जात."

अशी ती जोडी लागली. मेबलने चार अंडी घातली. तीन पिवळी पडून बसली. एक मात्र चांगलं टणक, पांढरं राहिलं. त्या एका अंड्यासाठी गेलनने ऑपरेशन पुढे ढकलायचं म्हणून डॉक्टरांशी भांडण केलं आणि हरला.

दवाखान्यातून त्याचा फोन आला की पहिला प्रश्न तोच. "फुटलं का?"

"नाही."

"चीर तरी?"

"चीर पण नाही. तू कसा आहेस ते सांग आधी."

"मी काय, मला परवा फोडणारच आहेत."

ऑपरेशनच्या आदल्या सकाळी मात्र त्याचा आवाज बदललेला होता. टिंगल नाही, काही नाही. म्हणाला, "आर्डी, ते बाहेर आलं की रंग बघ. मला नाही मिळालं बघायला, तरी तू नीट बघ." फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभीच राहिले. मग मी नखं कापायची कात्री गॅसवर धरून तापवली आणि तळघरात उतरले.

आता हे समजून घ्या, अंडं कापणं हा काही गुन्हा नाही. या धंद्यातले बहुतेक सगळे कापतात. डेल्बर्ट तर दरवर्षी कापतो, मी त्याच्या घरी बघितलंय. पण कापायचं केव्हा, याची एक रीत आहे. एका खेपेतल्या अंड्यांपैकी एखाद्यातलं पिल्लू आपण होऊन चीर पाडतं, नाक बाहेर काढतं. तेव्हा कळतं की बाकीचीही तयार आहेत, मग त्यांना खिडकी पाडायची. गेलन तेवढंही करत नाही. "आतल्याला घाई नाही, तर बाहेरच्याला कशाला?" म्हणतो. आणि माझ्यासमोर तर एकच अंडं होतं. ते तयार आहे हे मला सांगायला दुसरं कुठलं अंडं नव्हतं. हे मला कापायच्या आधी कळत होतं. नंतर कळलं असं मी म्हणणार नाही.

मी कापलं. कातडं कापल्यासारखं लागलं हाताला. कडेला रक्ताचा एक थेंब आला, मी तो कापसाने टिपला. आत बलकात पिल्लाची पांढरीधोप कूस दिसत होती आणि तिच्यावर तपकिरी डाग. मी, साप म्हटलं की अंगावर काटा येणारी बाई, तिथे तळघराच्या फरशीवर बसून रडले. फोटो काढला आणि तशीच गाडी काढून डी मॉइन गाठलं.

गेलनने फोन दोन्ही हातांत धरला. फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला. मग विचारलं, "स्वतःहून फोडलंन?"

"हो," मी म्हटलं. "सकाळी बघते तर चीर."

तो बघतच राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसतही नव्हता. नर्स आत आली, म्हणाली, "नातू झाला वाटतं आजोबांना!" गेलन म्हणाला, "नातवंडं काय, होतातच." दुसऱ्या दिवशी तो हसत हसत ऑपरेशनला गेला.

ऑपरेशन छान झालं. मी घरी परतले तेव्हा पिल्लू अंड्याबाहेर आलेलं होतं. पोटाशी बलक तसाच लोंबत होता, जो त्याने आत बसून सावकाश शोषून घ्यायचा असतो. माझ्या कात्रीने त्याला दार दाखवलं आणि ते आपली शिदोरी टाकून निघालं. बलक वाळून गळून पडला. राहिलं ते पेन्सिलीएवढं, पाठीचा कणा वर आलेलं, कातडी सैल झालेलं एक कबरं पिल्लू.

गेलन घरी आला. छातीची जखम भरेपर्यंत सापांना हात लावायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. म्हणजे पिल्लू माझ्या गळ्यात. मी त्याची पेटी वर आणून ज्या टेबलावर कणीक मळते तिथेच ठेवली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेलन छातीशी उशी धरून बसायचा आणि हुकूम सोडायचा. शेजारणींनी आणून दिलेल्या ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या कॅसरोलांनी फ्रीज भरला होता आणि त्यांच्या मागे, बर्फाच्या कप्प्यात, उंदराची पिल्लं.

मी तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली आहेत. न खाणारी पोरं मी खूप बघितली आणि एकेकाला वठणीवर आणलं. मटार न खाणाऱ्याला मटार चारले. तेव्हा मला वाटलं, हे वीतभर जनावर ते काय! त्या वीतभर जनावराने माझ्या नाकी नऊ आणले. त्याने पहिली कात टाकली, आता भूक लागेल म्हणून मी उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात ठेवून, केस वाळवायच्या यंत्राने त्याचं डोकं गरम करून, चिमट्यात धरून पुढे नाचवलं. कबऱ्याने मान फिरवली. अंधाऱ्या डबीत उंदराशेजारी ठेवून बघितलं. ते उंदरावर डोकं टेकून झोपलं.

"उशी केली बघ त्याची," गेलन म्हणाला, पण हसला नाही.

मग भरवायला लागलो. म्हणजे लागले. डाव्या हातात त्याचं डोकं, उजव्या हाताने उंदराचं नाक त्याच्या ओठांच्या फटीत अलगद सारायचं, जबडा उघडला की दातांत अडकवायचं आणि मग हात तसाच, जराही न हलवता धरून बसायचं. कधी ते थुंकून टाकायचं. कधी बराच वेळ तोंडात धरून, विचार करून करून गिळायचं. गिळलं की मी टाळी वाजवायला जायची आणि गेलन म्हणायचा, "भरवलेलं खाण्यात धरत नाहीत, आर्डी. स्वतः झडप घालून धरेल तेव्हा खरं. जन्मभर कोण भरवत बसणार?"

प्रत्येक वेळी ते इवलंसं डोकं बोटांत धरलं की माझ्या मनात एकच यायचं: हे माझ्यामुळे. त्याची नाडी बोटाला लागायची आणि मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

आणि गेलनला वाटत होतं की हे आपल्यामुळे. एकदा मी हात धूत असताना तो पाठीमागून म्हणाला, "तू म्हणाली होतीस तेच खरं. आई-लेकाची जोडी. रंगाची हाव सुटली मला. रक्तच कमकुवत केलं मी त्याचं."

तेव्हा बोलायला हवं होतं. नळ बंद करून, वळून, एका वाक्यात. पण त्याच्या छातीचं कापलेलं हाड अजून तारांनी बांधलेलं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते त्याला त्रास होईल असं काही करू नका. डॉक्टरांचं नाव पुढे करणं सोयीचं होतं मला. खरं कारण म्हणजे मला भीती वाटली. तो फोटो बघतानाचा त्याचा चेहरा मला हवा होता आणि तो मी परत द्यायला तयार नव्हते. मी मनाशी ठरवलं, हे एकदा स्वतःहून खाऊ दे, मग सांगते. ते खायला लागलं म्हणजे माझा अपराध निम्मा होईल असा माझा हिशेब. एखाद्या मुक्या जीवाच्या भुकेवर आपली कबुली टांगून ठेवायची, हे कसं सुचलं मला?

पिल्लू खात नव्हतं. मी बोलत नव्हते. गेलन दिवसेंदिवस गप्प होत चालला होता.

सप्टेंबरात एका रविवारी डेल्बर्ट आला. डेल्बर्ट म्हणजे धिप्पाड, दाढीवाला, बोलायला लागला की कपाटातल्या बश्या हलतात. पेटीत डोकावून म्हणाला, "अरे, हाडं मोजता येतील याची! पण रंग बघ, रंग! गेलन, पुढल्या वर्षी परत लावू जोडी, माझा नर तयार आहे."

"पुढलं वर्ष नाही," गेलन म्हणाला. "तू पुढच्या शनिवारी सापांच्या प्रदर्शनाला चाललायस ना? मेबलला घेऊन जा."

"कुठे?"

"चांगलं घर बघून देऊन टाक. पिल्लं काढणार नाहीत अशा माणसांना. घरात पाळणाऱ्यांना."

डेल्बर्टला हसावं की रडावं कळेना. "अरे बाबा, एक पिल्लू अशक्त निघालं म्हणून कोणी... मला दे मग! माझ्याकडे राहील."

"तुझ्याकडे राहिली तर मी दर रविवारी येऊन तिच्याकडे बघत बसेन, आणि वसंत आला की पुन्हा मोह होईल. मी ओळखतो मला." मग म्हणाला, "आणि कोणाला दिलीस ते मला सांगू नकोस. तूही नाव विचारू नकोस. विचारलंस तर सांगशीलच."

"आर्डिथ, तू तरी काही बोल याला!" डेल्बर्ट माझ्याकडे वळला. "वेड लागलंय का नवऱ्याला तुझ्या?"

दोघेही माझ्याकडे बघत होते. यापेक्षा सोपी संधी मला देवाने दिली नसती. मी म्हटलं, "साप त्याचे आहेत. मी कधी मधे पडलेय?"

शनिवारी सकाळी डेल्बर्ट मेबलला न्यायला आला. सापाला प्रवासासाठी उशीच्या अभ्र्यात घालतात. साप अंधारात शांत राहतो. डॉक्टरांचा हुकूम मोडून गेलन स्वतः तळघरात उतरला, एकेक पायरी, कठड्याला धरून. म्हणाला, हे काम दुसऱ्या कोणी करायचं नाही. त्याने मेबलला उचललं, ती त्याच्या मनगटाभोवती गुंडाळली गेली, नेहमी गुंडाळायची तशी, आणि तो तिला सोडवत राहिला. एक विळखा सोडवला की ती दुसरा घाली. मी माझ्या कपाटातला निळ्या फुलांचा अभ्रा आणला होता. तो दोन्ही हातांनी उघडून धरून उभी होते. शेवटी ती आत गेली. गेलनने गाठ मारली आणि अभ्र्यावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला.

डेल्बर्टने मोकळ्या हाताने आल्याची भरपाई म्हणून जाता जाता मला एक गोष्ट सांगितली. "जर्बिलचा वास देऊन बघ त्याला. आफ्रिकेत यांचं तेच खाणं. जर्बिल राहतो तो भुसा आण आणि उंदीर त्यात घोळव."

जर्बिल म्हणजे तो लांब शेपटीचा वाळवंटातला उंदीर. माझ्या जुन्या शाळेत पहिलीच्या वर्गात एक पाळलेला आहे हे मला माहीत होतं. मी सोमवारी शाळेत गेले. जोलीन नावाची तरुण शिक्षिका, तिला म्हटलं, "तुमच्या जर्बिलच्या पिंजऱ्यातली घाण हवी होती थोडी."

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "थोडी कशाला, मिसेस ट्याडेन? सगळी न्या. उद्या परत या, परत देते."

त्या वासाच्या भुशात मी उंदराचं पिल्लू पीठ लावावं तसं घोळवलं. गेलन टेबलाच्या टोकाला बसला होता, बघतही नव्हता, खिडकीबाहेर मक्याच्या वाळलेल्या शेताकडे डोळे लावून. मी चिमटा पेटीत नेला. कबऱ्याची जीभ बाहेर आली. आत गेली. पुन्हा बाहेर आली, आणि या वेळी भराभर. मान हळूच मागे गेली, इंग्रजी एस अक्षरासारखी वळली.

"गेलन," मी ओठांतल्या ओठांत म्हटलं.

"हलू नकोस," तो म्हणाला. आता तो बघत होता.

झडप इतकी झटकन झाली की मला दिसलीच नाही. चिमटा हातात हिसकला, बस्स. ते पेन्सिलीएवढं अशक्त अंग उंदराभोवती दोन वेढे घालून आवळत होतं, मेलेल्या उंदराला, अगदी मनापासून, त्याने जणू फार मोठी शिकार केली होती. मग त्याने सोडलं, डोकं शोधलं आणि गिळायला सुरुवात केली. कोणी भरवत नव्हतं. माझे हात टेबलावर होते.

गेलन उठून उभा राहिला होता, छातीवर हात ठेवून. "खाल्लंन," तो म्हणाला. "आर्डी, खाल्लंन गं!" फोटो बघताना होता तोच चेहरा, पुन्हा. आणि मला आनंद झाला नाही. कारण आता माझ्याकडे कुठलीच सबब उरली नव्हती.

"बस," मी म्हटलं. "मला तुला सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. कात्री, गॅस, रक्ताचा थेंब, चीर पडली म्हणून सांगितलेलं खोटं. "रक्त कमकुवत नाही त्याचं," मी म्हटलं. "तुझं काही चुकलं नाही, मेबलचंही नाही. मी वेळेआधी कापलं. तू आत जाण्याआधी तुला दिसावं म्हणून कापलं." मी रडत होते आणि आपण रडतोय याचीही मला चीड येत होती, कारण रडण्याने त्याची दया येणार हे मला माहीत होतं.

मग मीच उठून भिंतीवरचा फोन घेतला आणि त्याच्यासमोर डेल्बर्टला लावला. मेबल परत हवी आहे म्हटलं.

"आर्डिथ, ती शनिवारी दुपारीच गेली," डेल्बर्ट म्हणाला. "आई-वडील आणि दोन मुली होत्या. चांगली माणसं वाटली. गाडीला आर्कन्सॉ राज्याची नंबरपाटी होती. नाव विचारू नको म्हणाला होता तो, म्हणून नाही विचारलं गं. कुठे शोधू आता?"

मी फोन ठेवला. गेलनला ऐकू गेलं होतंच, डेल्बर्टचा आवाज कोणाला ऐकू जात नाही? पेटीत पिल्लाच्या गळ्याशी उंदराचा फुगवटा हळूहळू खाली सरकत होता. गेलन तिकडे बघत होता.

"कापलंस त्याचं मला काही नाही," तो शेवटी म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "घाबरली होतीस. मी पण घाबरलो होतो. तो फोटो बघून मी आत गेलो, त्याबद्दल मी तुला काय बोलणार? खोटं बोललीस, तेही समजतं मला. मी मरेन असं वाटलं होतं तुला."

त्याने डाव्या मनगटावरून उजवा हात फिरवला.

"पण मी तिला सोडवत होतो, आर्डी. ती सोडत नव्हती आणि मी एकेक वेढा सोडवत होतो. तू तिथे होतीस. अभ्र्याचं तोंड तू उघडून धरलं होतंस."

"हो," मी म्हटलं. "मीच धरलं होतं."